‘चॅलेंज व्होट’ मागायला येणाऱ्यांसाठी

आचारसंहिता लागली की तिच्या पाठोपाठ एक मेसेज येतोच. त्यात तीन दावे असतात. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि ‘कलम ४९ ए’खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत कुणी आधीच देऊन गेलं असेल तर टेंडर व्होट मागा. आणि केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट पडले तर तिथं फेरमतदान होतं. खाली जोडलेले हात आणि ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’.

मी शाळामास्तर. इलेक्शन ड्युटी मला कधी चुकली नाही, केंद्राध्यक्षाच्या खुर्चीतही बसलोय. त्यामुळे हा मेसेज फोनवर येतो तसाच माणसाच्या रूपानं दारातही येतो.

४९ ए आधी उरकतो. १९६१च्या निवडणूक नियमांत ४९ ए आहे, पण तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. यंत्राला कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट असेल, त्याचा नमुना आयोग मंजूर करेल, एवढंच त्यात आहे. मतदाराचा काही संबंध नाही. संबंध आहे तो १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम ६२चा, आणि त्यात सरळ लिहिलंय की यादीत नाव नसलेल्याला त्या मतदारसंघात मत देता येत नाही. आधार कार्ड तुम्ही कोण ते सांगतं. तुम्ही मतदार आहात हे फक्त यादी सांगते.

आता ‘चॅलेंज’. ही गोष्ट खरी आहे, मेसेजमध्ये मात्र ती उलटी टांगलीय. चॅलेंज मतदार करत नाही, मतदाराला करतात. समोरचा माणूस तोतया आहे असं एखाद्या उमेदवाराच्या पोलिंग एजंटला वाटलं तर त्यानं केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरायचे आणि आक्षेप घ्यायचा. हो, दोनच रुपये. मग मी चौकशी करायची. आक्षेप फुकाचा निघाला तर दोन रुपये जप्त, तोतया सापडला तर त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. म्हणजे नाव नसताना कुणी ‘मला चॅलेंज व्होट द्या’ म्हणतो, तेव्हा तो नक्की काय मागतोय ते त्यालाही माहीत नसतं.

टेंडर व्होटचं मधलं वाक्य तेवढं बरोबर. मराठीत त्याला प्रदत्त मत म्हणतात, नियम ४९ पी. एकदा एक आजी आल्या, ओळखपत्र पदराच्या गाठीत बांधलेलं. पहिल्या अधिकाऱ्यानं यादी उघडली तर त्यांच्या नावावर आधीच लाल रेघ. आजींच्या बोटावर शाई नव्हती. मी घरचं कोण, पत्ता काय असं विचारलं, फोटो ताडून पाहिला, खात्री पटली. नमुना १७-बीवर त्यांचा अंगठा घेतला आणि कागदी मतपत्रिका दिली. शिक्का मारून, घडी घालून त्यांनी ती माझ्याच हातात दिली आणि मी ती वेगळ्या पाकिटात घातली. आजी यंत्राकडे बोट दाखवत म्हणाल्या, “ह्यात नाही का घालायचं?” नाही. ते पाकीट सीलबंद होतं आणि मतमोजणीत उघडत नाही. निकालाला आव्हान दिलं गेलं आणि कोर्टानं सांगितलं, तरच.

राहिले १४ टक्के. हा आकडा कुठल्याच कायद्यात, कुठल्याच नियमात नाही. हिशेबच करा: केंद्रावर ६०० जणांनी मत दिलं तर १४ टक्के म्हणजे ८४. आणि साहित्यासोबत आम्हाला प्रदत्त मतासाठी मतपत्रिका मिळतात २०. फेरमतदान होतं ते यंत्र बिघडलं, फोडलं, पळवलं किंवा केंद्रच ताब्यात घेतलं, अशा कारणांनी, आणि तेही आयोगाच्या आदेशानं. २०२४च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले. हरलेले उमेदवार अमोल कीर्तिकर तोतया मतदान आणि प्रदत्त मतांचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबरमध्ये ती याचिका फेटाळली गेली. टक्केवारी मोजून आपोआप काही घडत असतं तर एवढं कोर्टात जायची वेळच आली नसती.

मला या मेसेजचा राग येतो तो खोटेपणापेक्षा त्याच्या दिलाशामुळे. ‘ऐनवेळी बघू, कलम आहे ना’ म्हणून लोक यादी बघतच नाहीत. नाव घालायला नमुना ६ लागतो, आणि उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं ते दार बंद. नाव आहे का ते विचारायला १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करायला पाच मिनिटं लागतात, पण ती आधी काढावी लागतात.

मागच्या वेळी साडेपाचला एक गृहस्थ आले. फोन आत चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून अख्खा मेसेज वहीच्या कागदावर उतरवून आणला होता. मी तिन्ही मुद्दे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, “मग वरच्या साहेबांचा नंबर द्या, तुम्हाला कलम माहीत नाही.”