कागदी ताटलीवर दोन

दोन पडले. दहापैकी दोन. शाळेत भूमितीतसुद्धा मला कधी इतके कमी पडले नव्हते, आणि भूमितीच्या पेपरासाठी मी दिवसाला २३९ डॉलर भाडंही भरलं नव्हतं.

ऑगस्टचा तिसरा शनिवार म्हणजे डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ. १९९५ पासून चालू आहे. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत जुन्यानव्या गाड्यांची वारी निघते, आणि वेगही वारीचाच. सासरे मिरजेहून आलेले. अण्णा एसटीच्या वर्कशॉपात ३४ वर्षं होते, आणि इथे दोन महिने सीरियलच्या खोक्याची मागची बाजू वाचत होते. "अण्णांना कुठेतरी ने," असं बायको म्हणाली. आमच्या मिनीव्हॅनमधून त्या वारीत जाणं म्हणजे लग्नाच्या वरातीत रिक्षा घालणं. म्हणून एक दिवसासाठी व्ही-८ इंजिनाची, काळी, नाकाड पुढे काढलेली गाडी भाड्याने घेतली. इथवर सगळं ठीक होतं.

ट्वेल्व्ह माइल रोडच्या सिग्नलला फूटपाथवर ते आजोबा बसले होते. घडीची खुर्ची, पायाशी बर्फाची पेटी आणि मांडीवर कागदी ताटल्यांची चळत. प्रत्येक ताटलीवर मार्करने लिहिलेला आकडा. समोर गाडी थांबली की आजोबा बोटाने खूण करायचे, गाडीवाला रेस द्यायचा, आजोबा मान तिरकी करून ऐकायचे आणि एक ताटली वर करायचे. माझ्या पुढे १९६९ची कमारो होती. तिला नऊ. गाडीवाल्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

मग बोट माझ्याकडे वळलं.

"रेस मागतायत ते," अण्णा म्हणाले. "द्या की, समीरराव."

मी गियर न्यूट्रलला टाकला, श्वास भरून घेतला आणि पाय तळापर्यंत नेला. भ्रूऽऽम. एवढंच. इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा चार हजारांच्या जरा अलीकडे गेला आणि तिथेच थबकला. मग सुरू झालं बक-बक-बक-बक, पंगतीत उचकी लागलेल्या माणसासारखं. समोर डायलवर आकडे आठ हजारांपर्यंत छापलेले. मी पाय अजून दाबला. पण पायाखाली आता फक्त गाडीचा तळ होता. बक-बक-बक.

आजोबांनी चळत चाळली. सगळ्यांत खालची ताटली पाचाची निघाली. त्यांनी ती परत ठेवली, एक कोरी ताटली काढली, मार्करचं टोपण दातांत धरलं आणि सावकाश, रेघ गिरवून गिरवून, दोन लिहिला. टोपण परत लावलं. मग ताटली वर केली. आधी मला दाखवली, मग मागच्या गाड्यांना, मग समोरच्या फूटपाथवरच्या एका कुटुंबाला. त्या कुटुंबातल्या लहान मुलीने टाळ्या वाजवल्या. सिग्नल काही केल्या सुटेना.

मी म्हटलं, जाऊ या पुढे. अण्णा म्हणाले, "छे! थांबवा बाजूला. विचारू या त्यांना, फॉल्ट काय आहे." चौतीस वर्षं ज्याने फॉल्ट शोधले त्याला दोन मार्कांवर झोप लागणार नव्हती.

आजोबांनी आम्हाला पेटीतून थंड पाणी दिलं आणि चौकशी चालू केली. ऑटोमॅटिक? हो. न्यूट्रलला टाकलीस? हो. "मग ती तिथेच थांबणार. गियरमध्ये असली की डायलवरच्या थेट लाल पट्ट्यापर्यंत जाईल. उभ्या उभ्या नाही जाऊ देत."

"का पण?"

"तुझ्यासारख्यांसाठीच."

मी अण्णांना भाषांतर करून सांगितलं. शेवटचं वाक्य गाळलं.

"शेवटी काय म्हणाले?"

"काही नाही."

"'लाइक यू' म्हणाले," अण्णा म्हणाले.

आजोबांची तीस वर्षं एका इंजिन कारखान्याच्या चाचणीखोलीत गेलेली. थोडक्यात, पगार घेऊन इंजिनं फोडणे. त्यांनी समजावलं की न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार नसतो, त्यामुळे फेरे क्षणात चढतात. त्याच झोकात कुणी गियर टाकला तर गियरबॉक्सची वाट लागते. कंपनी वॉरंटीत ते भरून द्यायला तयार नसते, म्हणून मर्यादाच खाली आणून ठेवते. फेरे मोजायला क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, दातेरी चाक असतं. कुठे ३६ तला एक, कुठे ६० तले दोन दात मुद्दाम गाळलेले. ती फट समोरून गेली की कॉम्प्युटरला कळतं, क्रँक आत्ता नेमका कुठे आहे.

"मुद्दाम दात गाळतात?" अण्णा बराच वेळ गप्प झाले. असली किती चाकं आपण भंगारात टाकली, याचा हिशोब चालू असावा.

मग त्या दोघांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आजोबांनी मूठ वळली आणि खालीवर हलवायला लागले: हा पिस्टन. अण्णांनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं: हा कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा. भर फूटपाथवर, एकमेकांची भाषा न येणारे दोन म्हातारे हात धरून इंजिन झाले. मिनिटाला सात हजार पाचशे फेरे म्हणजे सेकंदाला १२५. म्हणजे एका सेकंदात पिस्टन २५० वेळा थांबतो आणि उलटा वळतो. मस्टँग जीटीच्या पाच लिटरच्या इंजिनात प्रत्येक खेपेला ९२.७ मिलिमीटरची धाव. शिवाय ताण वेगाच्या वर्गाने वाढतो: सहा हजारांवरून साडेसात हजारांवर गेलात तर फेरे सव्वापट, पण रॉडवरची ओढ दीडपटीहून जास्त. इथे अण्णांनी मनगटाला असा हिसका दिला की आजोबा "आऽह" म्हणाले आणि खूश झाले. वर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचीही एक हद्द असते. व्हॉल्व्ह वेळेत मिटला नाही तर पिस्टन येऊन त्यालाच ठोकू शकतो.

"मग तोडतात काय? करंट की पेट्रोल?" अण्णांनी मला विचारायला लावलं.

पेट्रोल. आधी कॉम्प्युटर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, हळूच मिटतो, तरी ऐकलं नाही तर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद. फेरे थोडे उतरले की परत चालू. परत चढले की परत बंद. तीच ती बक-बक. नुसती ठिणगी तोडली तर न जळलेलं पेट्रोल एग्झॉस्टमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर जळतो.

"म्हणजे गव्हर्नर!" अण्णांनी मांडी थोपटली. "आमच्या डिझेलच्या पंपाला असायचा. वर शिशाचं सील."

"गव्हर्नर!" आजोबा ओरडले. शब्द इंग्रजीच असल्याने माझी गरज तिथे संपली. मी किल्ली बोटाभोवती फिरवत उभा राहिलो. आजोबा डोळे मिटून शेल्बी जीटी३५० या मस्टँगबद्दल सांगत होते. ती ८२५० पर्यंत जायची म्हणे. बालगंधर्वांना ऐकलेली माणसं बोलायची तसा सूर. मग म्हणाले, फेरे अडवणारे हे सगळे लिमिटर एका गोष्टीपुढे हात टेकतात: पाचव्यातून चौथा टाकायच्या नादात दुसरा पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे पेट्रोल तोडून काय उपयोग? त्याला हे लोक 'मनी शिफ्ट' म्हणतात, कारण पुढचा विषय पैशांचा.

मी हे सांगायच्या आतच अण्णा हाताने घाट उतरवत होते. "कुंभार्ली! चिपळूणकडे उतरताना एकाने असाच खालचा गियर टाकलेला. इंजिन असं किंचाळलं! गव्हर्नर काय करणार तिथं? त्याच्या हातात फक्त डिझेल." आजोबांना कुंभार्ली कुठे आहे ते माहीत नाही. पण त्यांनी डोळे विस्फारले आणि बरोब्बर जागेवर कपाळाला हात लावला.

एवढं शिकूनही माझा राग काही गेला नाही. गाडी धावत असताना आवरा, इंजिन फुटू नये, मान्य. पण उभ्या गाडीत, दुपारी दोन वाजता, पाच मैलांच्या वेगात सरकणाऱ्या गर्दीत, चार क्षण आवाज काढायचा होता हो! आणि चार हजारांवरच अडवायचं होतं तर आठ हजारांपर्यंत आकडे छापता कशाला? ताटात श्रीखंडाची वाटी मांडायची आणि हात पुढे केला की म्हणायचं, ती नैवेद्याची आहे.

हा सगळा धंदाच असा झालाय. डॉजच्या हेलकॅट गाडीला दोन किल्ल्या मिळायच्या. लाल किल्लीला ७०७ हॉर्सपॉवर, काळीला ५००. २०२१ मध्ये त्यांनी चोरांसाठी आणखी एक सोय काढली: कोड चुकला की इंजिन ६७५ फेऱ्यांवर बसून राहणार आणि ताकद तीन हॉर्सपॉवरहूनही कमी. आमच्या मळ्यातली विहिरीवरची मोटर पाचाची आहे. फोर्डच्या 'मायकी' नावाच्या सोयीने बाप मुलाच्या किल्लीवर वेगाची हद्द घालतो, वर रेडिओचा आवाजही बांधून देतो. आणि कळस म्हणजे २०२४ची मस्टँग: किल्लीचं बटण दाबलं की गाडी दुरूनच, आत कुणी नसताना, स्वतःची स्वतः रेस देते! म्हणजे हौस गाडीने करायची. माणूस आत बसला की मात्र शिस्त.

मनगटावरचं घड्याळ मला उठून चालायला सांगतं. ऑफिसचा दरवाजा कार्ड दोनदा घासायला लावतो. उन्हाळ्यात वीज कंपनी घरातला एसी लांबूनच दोन अंशांनी कोमट करते, त्या कागदावरही सही माझीच आहे. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी. कर्जाचे हप्ते वेळेवर भरतो, मुंज झालेली आहे, आणि एका डब्यातला कॉम्प्युटर ठरवतो की याला चार हजार पुरेत. चिडून मनात असं बरंच म्हटलं. मग आठवलं की सिग्नलला, बक-बक चालू असताना, मी घाईघाईत गियर टाकायला हात खाली नेला होता. पाय तळालाच होता. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच.

निघताना आजोबांनी अण्णांना कोऱ्या ताटल्यांचं अर्धं पाकीट दिलं आणि मार्करसुद्धा. मला हस्तांदोलन.

रविवारी सकाळी भाड्याची गाडी परत करून मिनीव्हॅन गॅरेजमध्ये रिव्हर्स घालत होतो. आरशात अण्णा दिसले. बागेतली खुर्ची दारात ओढून बसलेले, मार्करचं टोपण दातांत. कचऱ्याच्या डब्याला गाडीचा जरासा, अगदी जरासा धक्का लागला.

चार.

त्यांच्या शेजारी बायको उभी होती. तिने ताटली त्यांच्या हातातून घेतली, निरखून पाहिली आणि म्हणाली, "अण्णा, जास्त दिलेत."