दहा किलोची दुधारी कुऱ्हाड? कुठल्या व्हायकिंगाची?

एक रील सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतंय. म्हणे व्हायकिंगांची, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या (नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क) दर्यावर्दी लढवय्यांची, कुऱ्हाड दोन्हीकडून धारेची, वजन दहा किलो, साध्या माणसाला उचलायचीच नाही, आणि ज्याला तलवार परवडायची नाही तो गरीब ती घेऊन लढायला जायचा. एका मिनिटात इतक्या थापा मारायच्या म्हणजे कमालच आहे.

दुधारीचं आधी उरकतो. स्कँडिनेव्हियातल्या थडग्यांतून कुऱ्हाडी ढिगाने मिळाल्यात, यान पेटरसन नावाच्या नॉर्वेजियन माणसाने 1919 मध्ये त्यांचे ए ते एम असे प्रकारही लावून दिलेत, त्यात दुधारी एकही नाही. दोन पात्यांची कुऱ्हाड बघायचीय तर ग्रीसच्या क्रीट बेटावर जा, पण ती व्हायकिंगांच्या दोनेक हजार वर्षं आधीची.

आता वजन. नॉर्वेत लांगाइड इथे 2011 मध्ये एका थडग्यात अकराव्या शतकातली रुंद पात्याची कुऱ्हाड सापडली, हा पेटरसनचा एम प्रकार, हिलाच डेन कुऱ्हाड म्हणतात. पातं आज गंजून साडेपाचशे ग्रॅम भरतं, नवीन असताना आठशेच्या आसपास असावं. दहा किलो कुठून आणले देव जाणे! लाकूड फोडायची कुऱ्हाड जाडच लागते, पाचरीसारखी घुसून ओंडका उकलायला, पण लढाईत ओंडके फोडायचे नसतात, तिथे हात चटकन फिरला पाहिजे, म्हणून एम प्रकाराचं पातं रुंद असलं तरी मधे अगदी पातळ ठोकलेलं असतं, काही मिलिमीटर फक्त. आणि अख्खी कुऱ्हाड पोलादाची नसायचीच, पोलाद महाग. लोहार मऊ लोखंडाचं अंग घडवायचा, दांड्यासाठी नेढं करायचा आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडायचा. लांगाइडच्या दांड्याला तर नेढ्यापाशी पितळेची पट्टी गुंडाळलेली होती, दुरून झळकायला.

गरिबाचं हत्यार हे मात्र अर्धं खरं, साधी कुऱ्हाड घरोघरी असायचीच. पण डेन्मार्कात मामेनला 1868 मध्ये जी मिळाली तिच्या पात्यावर चांदीच्या तारेची नक्षी आहे, एकीकडे पक्षी, दुसरीकडे वेलबुट्टी, आणि ते थडगं 970-71 च्या हिवाळ्यातलं, आत रेशमी कपडे. हे काय गरिबाघरचं? आणि 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईत लांब दांड्याच्या कुऱ्हाडी होत्या त्या इंग्लंडच्या राजा हॅरल्डच्या खास पदरच्या शिपायांकडे, आणि तलवारी त्यांच्याकडेही होत्याच की.