आयुष्मान कार्ड काढल्यानं श्रावणबाळचा पगार बंद होत नाही

"सत्तरीवरच्यांनी आयुष्मान कार्ड काढलं की श्रावणबाळ, निराधारचा पगार बंद. रेशनकार्डावरून नाव कटतं, मुलांचंही कार्ड रद्द. ५ लाख नुसते नावाचे, कार्ड कुठंच चालत नाही. जुनं कार्ड चालू ठेवायचं तर महिनाअखेरपर्यंत ३५० रुपये भरा, लिंक खाली." यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपपासून बचत गटापर्यंत सगळीकडे पोचला आहे. माझ्या आत्यापर्यंतही पोचला. चौऱ्याहत्तरीची बाई, शुगर आणि बीपीची. आशाताई कार्ड काढून द्यायला घरी आल्या, तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणे, "मले नाही पाहिजे थे कार्ड. पंधराशे बंद झाले तं गोळ्या कायच्यानं आणू?"

म्हणून सगळ्यात आधी पगाराचं, म्हणजे श्रावणबाळ-निराधार योजनांतून सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या पैशाचं. केंद्रीय मंत्रिमंडळानं ११ सप्टेंबर २०२४ ला सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत, म्हणजे रुग्णालयातल्या उपचाराला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या योजनेत घेतलं. त्या दिवशीचं सरकारी पत्रक कोणीही काढून वाचावं. आर्थिक परिस्थिती कशीही असो, वय हीच अट, असं त्यात स्पष्ट आहे. गरीब की श्रीमंत हे जिथं विचारतच नाहीत, तिथं कार्ड काढलं म्हणून तहसीलवाले आत्याला श्रीमंत कसं ठरवतील? श्रावणबाळची पात्रता वय आणि उत्पन्नावर ठरते, रेशनकार्डाचं काम पुरवठा विभागाकडे असतं. दवाखान्याच्या कार्डाचा या दोन्हींशी काही संबंध नाही.

मग गावात काहींचे पगार अडकले ते कशानं? तो पैसा आता डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट, आधार जोडलेल्या खात्यात येतो. कोणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही, कोणाचं नाव आधारावर एक आणि पासबुकावर दुसरंच, कोणाचा हयातीचा दाखला राहिलेला. त्याच महिन्यात कार्डही काढलेलं असलं की खापर कार्डावर फुटतं. असं झालं असेल तर पासबुक आणि आधार घेऊन बँकेत जा, मग तहसीलच्या संजय गांधी शाखेत, या पगारांचं काम तिथंच चालतं. कार्ड परत करून एक रुपयाही खात्यात येणार नाही.

"मुलांचं कार्ड रद्द" हे तर साफ उलटं आहे. घर आधीच योजनेत असेल, तर सत्तरीवरच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं वेगळं संरक्षण मिळतं आणि ते घरातल्या लहानांबरोबर वाटून घ्यावं लागत नाही, हे त्याच पत्रकात आहे. आत्यानं कार्ड काढलं तर तिच्या मुला-सुनेचं काही कमी होत नाही, म्हातारीचा खर्च त्यांच्या वाट्यातून जात नाही.

एक गोष्ट मात्र मानावी लागते. ज्यांना केंद्र सरकारच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना (सीजीएचएस) किंवा माजी सैनिकांची योजना आहे, त्यांना ती किंवा आयुष्मान, दोन्हींतून एकच निवडावी लागते. अफवेचं मूळ बहुधा इथंच असावं. पण मजुरी करून म्हातारी झालेल्या बाईला हा नियम लागूच होत नाही.

"कार्ड कुठंच चालत नाही" हे खोटं आहे, पण त्यामागचा राग खरा आहे. कार्ड चालतं ते योजनेत नाव असलेल्या रुग्णालयात, भरती झाल्यावर, यादीतल्या उपचारासाठी. नुसतं दाखवून गोळ्या घेऊन घरी आलात तर खर्च तुमचा. म्हणजे आत्याच्या रोजच्या शुगरच्या गोळ्या यातून मिळत नाहीत, त्यासाठी सरकारी दवाखानाच. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. हे रुग्णाला कळतं कधी, तर गाडी करून शहरात पोचल्यावर, खिडकीवर "हे पॅकेजमध्ये बसत नाही" ऐकल्यावर. आमच्या शेजाऱ्यांना एका खासगी रुग्णालयानं असंच परत पाठवलं. सोबत आलेली माणसं जिन्याजवळ बसून गावात फोन लावत होती, कोणाकडून उसने मिळतात का बघायला.

त्यात राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान योजना आता एकत्र चालतात, पांढऱ्या रेशनकार्डवालेही आत आले. चांगलंच झालं. पण कोणाला काय लागू, हे सांगणारा मराठीतला एक साधा कागद आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. यवतमाळचं मोठं सरकारी रुग्णालय महाविद्यालयाचंच. तालुक्याला फुकट आणि जिल्ह्याला पैसे, हे खेड्यातल्या माणसानं कसं ओळखायचं? सरकारनं तपशील धड सांगितला नाही की ती जागा असले मेसेज भरून काढतात. याचा जाब आरोग्य खात्यालाच विचारला पाहिजे.

तोवर निघण्याआधी आयुष्मानसाठी १४५५५ ला फोन करा, किंवा राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ ला. रुग्णालयात डॉक्टरच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. प्रत्येक संलग्न रुग्णालयात तो असतो आणि कागद पुढं पाठवणं त्याचंच काम आहे.

५ लाख हातात मिळत नाहीत, रुग्णालयाला जातात. कार्डाला दरवर्षी नूतनीकरण नाही, फी नाही. ३५० रुपयांची ती लिंक शुद्ध लुबाडणूक आहे. कोणी पैसे भरले असतील, ओटीपी दिला असेल, तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार करा आणि बँकेत जाऊन खातं तपासा.