काजव्यांचे फोटो बघून निघू नका

रोहिणी लागली की आमच्या घरात दरवर्षी तेच नाटक. आजोळ झालेलं असतं, आंबे उतरणीला लागलेले असतात, वह्यांना कव्हरं घालायची राहिलेली असतात, आणि धाकटा पलंगावरून उलटा लोंबकळत जाहीर करतो, "या सुट्टीत आपण कुठ्ठेच गेलो नाही." आजोळ मोजायचं नसतं. लग्नं तर नाहीच नाही. शाळा उघडायला जेमतेम दोन-तीन आठवडे, बाहेर ऊन मी म्हणतंय, डोंगर करपलेले, धबधब्यांच्या जागी नुसते काळे दगड. मग गाडी आपसूक मॉलकडे वळते. आम्हीही काही वर्षं तेच केलं. मुलं खूश असायची, उगाच खोटं कशाला सांगू. पण त्यातली एकही फेरी आज त्यांना आठवत नाही.

काजव्यांची रात्र मात्र आठवते. दोन्ही आठवतात, फसलेली आणि जमलेली.

फसलेलीचं आधी सांगते. त्या साली आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो फिरत होता. अख्खं झाड सोन्याने मढवलेलं, खाली गवतात हजारो ठिपके, मागे निळंशार आकाश. तो बघून आम्ही नाशिकहून निघालो, घोटी, बारी, शेंडी करत भंडारदऱ्याला पोचलो. वार कोणता? शनिवार. अक्कल तिथेच गहाण टाकली होती. धरणाभोवतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीचे हेडलाइट चालू, एका जीपमधून गाणी, आणि एक काका टॉर्चचा झोत झाडावर मारून नातवाला विचारतायत, "दिसले का रे?" कसे दिसणार? धाकटा रडवेला होऊन म्हणाला, "फोटोतल्यासारखं नाहीये." आणि झोपला. येताना घाटात उलटी केली ती वेगळीच.

त्या फोटोची भानगड मला नंतर कळली. काजव्यांचे असे बरेचसे फोटो एका क्षणाचे नसतातच. कॅमेरा तिकाटण्यावर लावून एकामागून एक कितीतरी फोटो काढतात आणि मग कॉम्प्युटरवर एकावर एक चढवतात. म्हणजे तासाभरात जेवढे काजवे चमकले ते सगळे एका चित्रात एकदम दिसतात. फोटोग्राफरची त्यात फसवणूक नाही, ती त्याची कला आहे. पण सहा वर्षांच्या पोराला ते दाखवून जंगलात नेलं, तर त्याच्या नशिबी निराशाच. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की निघण्याआधी मुलांना काहीही दाखवू नका. कोरी पाटी घेऊन न्या.

पुढच्या साली आम्ही मंगळवारी गेलो. गर्दीचा रस्ता सोडून आत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या पट्ट्यातल्या एका वाडीत, एका घरी मुक्काम. तांदळाची भाकरी, ठेचा, आणि मुलांसाठी टोपलीभर करवंदं. अंधार पडल्यावर घरातले दादा पुढे निघाले. मी सवयीने मोबाईलचा टॉर्च लावला तर म्हणाले, "ताई, काजवं बघाया आलात न्हवं? मंग तो दिवा कशाला?" लाजून बंद केला.

आणि मग कळलं की माझ्या मुलांनी अंधार पाहिलाच नव्हता. खरंच. त्यांच्यासाठी अंधार म्हणजे लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचे दोन सेकंद. इथे लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, नुसती कुरकुर. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्ये कुणी एकदा जरी मोबाईलची स्क्रीन उघडली की मेहनत पाण्यात. आम्ही एका बांधावर बसून राहिलो. हळूहळू झाडांच्या कडा दिसायला लागल्या, मग पायवाट, मग एकमेकांचे चेहरे. आणि मग समोरच्या सादड्यावर एक ठिपका. दोन. मग पूर्ण झाड पेटलं आणि विझलं, पुन्हा पेटलं, जणू कुणी एकच बटण दाबतंय. कुणाच्याही तोंडून शब्द नाही. धाकटा मात्र कुजबुजला, "आई, हे झाड श्वास घेतंय." (एरवी कुजबुजणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही.)

सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते दिसतात. मेचा शेवटचा आठवडा ते जूनच्या मध्यापर्यंतचा हंगाम. वळवाच्या एखाद-दोन सरी पडून गेल्यावर बहर येतो आणि पावसाची झड लागली की आटोपतो. या काळात जे उडताना दिसतं, ते त्यांच्या आयुष्याचं शेवटचं पान असतं. त्याआधी कितीतरी महिने काजवा अळीच्या रूपात मातीत, पालापाचोळ्यात असतो आणि गोगलगायी खातो. हे ऐकल्यावर मुलांचा काजव्यांबद्दलचा आदर एकदम दुप्पट झाला. पंख फुटल्यावर हातात उरतात ते जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, आणि त्यासाठी हा सगळा उजेडाचा खटाटोप. नर चमकून हाक देतो, मादी चमकून उत्तर देते. पोटातल्या ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यातून हा उजेड निघतो, आणि गंमत म्हणजे त्यात उष्णता जवळपास नसतेच.

आता त्या टॉर्चवाल्या काकांचा विचार करा. दोन जीव एकमेकांना खुणा करतायत आणि मध्ये आपण हॅलोजन पेटवलाय. खूण पोचतच नाही. जोडी जमत नाही, अंडी होत नाहीत, पुढच्या साली झाड अंधारं. जगभरातल्या काजव्यांच्या अभ्यासकांची मतं एकत्र करून २०२० साली एक शोधनिबंध आला होता. त्यात काजव्यांपुढचे सगळ्यात मोठे धोके म्हणून अधिवास नष्ट होणं, रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं ही तीन नावं होती. शनिवारच्या त्या रांगेत आम्हीही होतो, म्हणजे त्यातल्या दुसऱ्या धोक्यात आमचाही वाटा आहे.

म्हणून मला "काजवा महोत्सव" हा शब्दच खटकतो. महोत्सव म्हटलं की मंडप आला, स्पीकर आला, "या बसा, बघा, निघा" आलं. गावाला चार पैसे मिळतात हे मला मान्य आहे, मिळालेच पाहिजेत, उन्हाळ्याच्या शेवटी तिथे दुसरं उत्पन्न असतं तरी काय? पण तेच पैसे आठवड्याच्या मधल्या वारी, त्यांच्या घरी राहून, त्यांच्यातल्याच एखाद्या वाटाड्याला देता येतात. वनखातं प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतं, ते निघण्याआधी गावात फोन करून विचारायचे.

अमावास्येच्या मागेपुढे जा. वटपौर्णिमेच्या आठवड्यात अजिबात नको, चंद्रच सगळं धुऊन टाकतो. टॉर्च लागलाच तर त्याला लाल जिलेटीन पेपर दुहेरी गुंडाळा, काजव्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही. डास चावतील म्हणून मुलांना स्प्रेने आंघोळ घालू नका, ते औषध काजव्यांनाही बाधू शकतं. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, झालं. बरणीत काजवा पकडून घरी न्यायचा हट्ट होईल. नाही म्हणायचं. माझ्या सासूबाई लहानपणी काजवे पकडून काचेच्या बाटलीत ठेवायच्या म्हणे, आणि सकाळी बाटलीत काळे किडे मेलेले. त्यांनीच हे नातवाला सांगितलं, त्यामुळे माझं काम सोपं झालं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही, त्या अंगणात खाटेवर बसल्या होत्या. आम्ही परत आलो तर म्हणाल्या, "मला इथनंच दिसले, तुम्ही उगाच पायपीट केलीत."

निसर्ग आपल्या कॅलेंडरला बांधील नाही हेही ध्यानात ठेवा. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला. आमचा बेत जूनच्या पहिल्या आठवड्याचा होता. गेलोच नाही. मुलांनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग गच्चीत भिजली आणि विसरली.

आता कमेंटमध्ये आणि इनबॉक्समध्ये वाडीचं नाव विचारलं जाणार, मला माहीत आहे. सांगणार नाही. माजोरी म्हणा हवं तर. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेतच, तिथे मधल्या वारी जा. आणि ज्यांचं आजोळ, गाव, चुलत्याचं शेत सह्याद्रीच्या कुशीत आहे, त्यांनी आधी तिथे फोन लावा. "काजवं दिसत्यात का?" एवढंच विचारा. पलीकडची म्हातारी हसेल आणि म्हणेल, त्यात काय बघायचं, रोजच असत्यात.