उभ्या गाडीचे इंजिन आणि शाळेचे फाटक

सिग्नलवर थांबल्यावर गाडीचे इंजिन बंद करावे, असे आवाहन करणारा लेख वाचला आणि ते मला मनापासून पटले. मात्र मुंबईत इंजिन विनाकारण चालू राहते ते सिग्नलइतकेच शाळांच्या फाटकांबाहेर आणि सोसायट्यांच्या आवारात. दादर, माटुंगा परिसरातील अरुंद गल्ल्यांत शाळा सुटण्याच्या वेळी बस आणि मोटारी रांगेने धडधडत उभ्या असतात, आणि गाड्यांच्या धुराच्या नळीच्या जवळपास लहान मुलांचे चेहरे येतात. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले आहे.

गाडी पुन्हा सुरू करताना जास्त इंधन जळते, हा समज कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या, काळातला आहे. आजच्या इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण 10 सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करणेच किफायतशीर ठरते. शिवाय उभी मोटारही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते आणि एसी चालू असल्यास त्याहूनही अधिक.

तरीही सगळा दोष चालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण मे महिन्याच्या दमट उकाड्यात मालकाची तासन्‌तास वाट पाहणाऱ्या माणसाला गाडीच्या एसीखेरीज दुसरा आसरा आपण ठेवलेलाच नसतो. प्रत्येक सोसायटीने वाहनतळाजवळ सावलीत बाक, पंखा आणि पिण्याचे पाणी यांची सोय करावी, आणि शाळांनी पालक सभेत हा विषय जूनमध्येच, वर्ग सुरू होताच घ्यावा.