ताई धंदा बंद करत नाहीये

काल रात्री साडेअकराला माझ्या ताईचा फोन आला, पिशव्या शिवून विकते ती. इतक्या उशिरा ती कधीच करत नाही, त्यामुळे पोटात गोळाच आला. आवाज ठीक होता, फक्त दमलेला. म्हणाली, "एक व्हिडिओ पाठवलाय बघ. टाकू का ते सांग."

व्हिडिओत ताई शिलाई मशीनसमोर मान खाली घालून बसली आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आज मी माझा धंदा बंद करतेय.' मग ती डोळे पुसते.

माझे हातपाय गळाले. विचारलं, "ताई, काय झालं?" तर म्हणते, "अगं काही नाही. बंद कुठे करतेय? मी लावलाय ना, त्या मार्केटिंगच्या कोर्सच्या सरांनी असं लिहायला सांगितलंय. पहिल्या 3 सेकंदांत माणूस थांबला पाहिजे म्हणे. शेवटी सांगायचं, की फक्त जुनी डिझाइन्स बंद करतेय."

अकरा वेळा केला होता तिने तो व्हिडिओ. दहा वेळा रडू येईना. अकराव्या वेळी खरंच आलं.

मी नको म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, "मग माझंच काही चुकतंय का गं?"

रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितेय. लांबेल. वाचा.

तुमच्यातल्या निम्म्या जणांकडे ताईने शिवलेली पिशवी आहे. आतलं अस्तर कसं असतं, चेन अडकत नाही, पट्ट्याला दुहेरी शिलाई असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा बाईला कुणीतरी पैसे घेऊन शिकवतो, की तुझं काम पुरत नाही, तू रडून दाखव. खोटं रडून दाखव. याला मार्केटिंग म्हणायचं? ज्या माणसाला आज खोटं बोलून थांबवलं, तो उद्या पिशवीचं कापड पक्क्या रंगाचं आहे हे तिचं म्हणणं का म्हणून खरं मानेल? छोट्या धंद्याकडे दुसरं असतं काय! मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीला पैसा आहे, दुकानं आहेत. ताईकडे फक्त तिचा शब्द आहे. तोच मोडून व्ह्यूज मिळवायचे!

आणि व्ह्यूजचं म्हणाल तर तेही पाहून झालंय. मागच्या वर्षी ताई कापड बेतत असताना मांजर येऊन बरोबर खडूच्या रेघेवर बसलं. तिने सहज तो व्हिडिओ टाकला आणि तो लाखांवर लोकांनी पाहिला. आम्ही सगळे किती आनंदलो होतो! ताईने तर दोन तागे जास्तीचं कापड आणून ठेवलं. शेकड्यांनी कमेंट आल्या. मांजराचं नाव काय, वय काय, झोपतं कुठे. पिशवीबद्दल एकाने विचारलं नाही. मागवायची तर दूरच.

त्यानंतर उलटंच झालं. नवे फॉलोअर सगळे मांजरवाले. ताईने नवी पिशवी टाकली की ती आधी त्यांच्यापुढे जायची, ते बोट फिरवून पुढे सरकायचे, आणि अ‍ॅप समजायचं की ही पोस्ट कुणाला नकोय. मग ती आणखी कमी लोकांना दिसायची. यात माझ्या ताईचं काय चुकलं? ते तागे अजून कपाटावर आहेत. काल फोनवरही म्हणाली, "ते कापड तरी संपेल, म्हणून टाकते गं."

चूक कुणाची म्हणाल तर रोज नियम बदलणाऱ्यांची. इन्स्टाग्राम 2010 मध्ये आलं तेव्हा ज्याला फॉलो करता त्याचे फोटो ओळीने, वेळेप्रमाणे दिसायचे. 2016 मध्ये ते बंद झालं आणि काय दाखवायचं ते अ‍ॅप ठरवू लागलं. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने स्वतःच सांगितलं, की आता मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट वर येतील, धंद्याच्या पानांच्या कमी दिसतील. ज्यांनी वर्षानुवर्षं पान वाढवलं त्यांना एका दिवसात मागच्या बाकावर बसवलं. 2020 मध्ये इन्स्टाग्रामवर रील, म्हणजे छोटे व्हिडिओ, आले आणि चांगले फोटो काढायला शिकलेल्यांना सांगितलं, आता व्हिडिओ करा. ताई प्रत्येक वेळी नव्याने शिकली. दिवसभर शिवायचं आणि रात्री हे.

बरं, ही जागा तरी आपली आहे का? 4 ऑक्टोबर 2021 आठवतोय? फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडलं, जवळपास सहा तास. तीन वेगळी दुकानं वाटत होती, पण मालक एकच. ताईच्या सगळ्या ऑर्डरी तेव्हा इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये होत्या. कुणाला कोणता रंग, पट्टा किती लांब, पत्ता काय. दुसऱ्या दिवशी पाच पिशव्या पाठवायच्या होत्या आणि ती फोन हातात घेऊन नुसती बसली होती. त्यानंतर तिने एक वही केली. नाव, नंबर, काय घेतलं, काय आवडलं, सगळं हाताने लिहिलेलं. त्या कोर्समध्ये अशी वही करायला कुणी शिकवलं नाही. तिथे शिकवलं रडायला.

हो, मान्य आहे, फेसबुक नसतं तर ताईच्या पिशव्या ओळखीपाळखीच्या पलीकडे गेल्या नसत्या. आणि पैसे देऊन केलेली जाहिरातही नीट केली तर चालते, पोस्टखालचं नुसतं निळं 'बूस्ट'चं बटण न दाबता मेसेज यावेत हे उद्दिष्ट निवडून, आपल्या गिऱ्हाइकापुरती. तेवढं मी मानते.

पण ताईला खरं काम कशाने मिळालं ते ऐका. एका बाईंच्या पिशवीचा पट्टा दोन वर्षांनी उसवला. ताईने तो पैसे न घेता शिवून दिला. त्या बाईंनी त्याचा फोटो काढून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. फोटो अंधारातला, पट्टा अर्धाच दिसत होता. खाली लिहिलं होतं, 'दोन वर्षं रोज वापरतेय, आणि आजही हिने ओळखलं मला.' आठवड्यात चौदा ऑर्डरी आल्या. चौदा! लाखभर लोकांनी मांजर पाहिलं तेव्हा शून्य आल्या होत्या.

मी काल तिला हेच सांगितलं. वहीतल्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून मेसेज कर, एकदाच लिहायचा आणि तो प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी तुझा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणजे तीच तुझी माणसं. महिन्यातून दोनदा, जास्त नाही. पिशवी शिवताना आतून कशी दिसते ते दाखव. कमेंटमध्ये 'किंमत इनबॉक्समध्ये विचारा' लिहू नकोस, सरळ किंमत लिही. विचारायला संकोच वाटणारे निघून जातात आणि आपल्याला कळतही नाही.

ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "पण मग माझे व्ह्यूज कमी दिसतात ना. बाकीच्या बायका म्हणतात, तुझं काही चालत नाही वाटतं." तेव्हा माझा राग गेला आणि नुसतं वाईट वाटलं. हातात काम आहे, लोक दोन-दोन वर्षं पिशवी वापरताहेत, आणि पडद्यावरचा एक आकडा बघून ती रात्री साडेअकराला स्वतःवर शंका घेते. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे ती. मला शाळेचं दप्तर तिनेच शिवून दिलं होतं, घरातल्या जुन्या पडद्याचं. मी कुणाला सांगायचे नाही, की ते घरी शिवलंय. हे मी तिला कधी बोलले नाही.

तो व्हिडिओ तिने पुसून टाकला. आज सकाळी सांगितलं.

आता तुम्हाला एक विनंती. माझ्या पोस्टला लाइक नको. तुमच्याकडे ताईची पिशवी असेल तर आज घरी गेल्यावर त्या पिशवीचा फोटो काढा. जुनी झाली असेल तरी चालेल, रंग उतरला असेल, आत भाजीचा डाग असेल तरी चालेल. सोबत दोन ओळी लिहा, किती दिवस वापरताय आणि कशाला वापरता. आणि मला नाही, ताईला पाठवा. नंबर तुमच्याकडे असेलच. नसेल तर मला मेसेज करा, आणि मिळाला की तेवढा फोनमध्ये ठेवा.