समितीचा अध्यक्ष प्रकल्पाचा मालक नसतो

मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: "ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) समितीचा अध्यक्ष म्हणेल तोच कोड आत जातो. पॅच (कोडमधला बदल) पाठवायच्या आधी त्याला गाठा. तो गेला की प्रकल्प संपला." साखर कारखान्याचे चेअरमन बघत वाढलेल्यांना हे पटतंही. असे अनेक प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचे नियम मात्र वेगळं सांगतात.

"अध्यक्ष म्हणेल तोच कोड." प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीत अध्यक्षालाही एकच मत असतं. कोडमधला बदल -१ (नकाराचं मत) देऊन अडवता येतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसेल तर अध्यक्षाचा नकारही बाद. रिलीज (लोकांना वापरायला द्यायची नवी आवृत्ती) तर एकट्याला अडवताच येत नाही: समिती सदस्यांची +१ (होकाराची) मतं किमान ३ हवीत आणि ती -१ पेक्षा जास्त हवीत. मतदार जगभर विखुरलेले, म्हणून मतदान सहसा किमान ७२ तास खुलं ठेवतात. +१ देणाऱ्या सदस्याने सोर्स कोड स्वतःच्या मशीनवर उतरवून, त्यावरची डिजिटल सही तपासून, बिल्ड करून (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून) पाहायचं असतं. नांदेडची किंवा बीडची विद्यार्थिनीही हे सगळं करू शकते. तिचं मत मोजणीत धरत नाहीत, पण परवान्याची फाइल राहून गेल्याचं तिने दाखवलं, तर तो रिलीज मागे घेऊन पुन्हा बांधला जाऊ शकतो. शिकायला याहून चांगली जागा नाही.

"आधी अध्यक्षाला गाठा." खासगी मेल बाकीच्यांना दिसत नाही आणि तिथेच पडून राहते. प्रकल्पाच्या सार्वजनिक मेलिंग यादीवर लिहा. अपवाद सुरक्षेतल्या त्रुटीचा: ती उघड न लिहिता सिक्युरिटी टीमला कळवायची.

मग अध्यक्षाचं काम काय? संचालक मंडळ त्याला ठरावाने नेमतं. पदाने तो फाउंडेशनचा व्हाइस प्रेसिडेंट असतो. दर तिमाहीला मंडळाला अहवाल जाईल हे पाहणं त्याच्याकडे. नव्या प्रकल्पाला पहिले ३ महिने दरमहा. त्यात रिलीज कधी झाले, नवा कमिटर (कोडमध्ये थेट बदल करण्याची मुभा असलेला) आणि समितीचा नवा सदस्य शेवटचा कधी घेतला, हे येतं. नवा माणूस घेतल्याची ही तारीख आम्ही सगळ्यात आधी पाहतो. वर्षानुवर्षं नवा माणूस आला नाही आणि सक्रिय सदस्य ३ पेक्षा कमी उरले, की सुरक्षेची दुरुस्ती तयार असूनही रिलीज निघत नाही. अध्यक्षाची ढिलाई प्रकल्पाला भोवते ती इथे.

"तो गेला की प्रकल्प संपला." अपाचेत मंडळ दुसरा अध्यक्ष नेमतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम २०१८ मध्ये निर्णयाच्या जागेवरून बाजूला झाले. २०१९ पासून तिथे ५ जणांची निवडून आलेली परिषद आहे. एका कंपनीचे त्यात २ पेक्षा जास्त चालत नाहीत.

सल्ल्यात थोडं खरंही आहे. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमच्या तांत्रिक समितीत २०१४ साली सिस्टमडी आणि अपस्टार्ट या, संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम चालू करणाऱ्या दोन पर्यायांत मतं समसमान पडली आणि अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. पण हा अधिकार डेबियनच्या घटनेत लिहिलेला आहे, आणि समितीचा निर्णय सर्वसाधारण ठरावाने फिरवण्याची मुभा डेव्हलपरांना तीच घटना देते. अध्यक्षाला काय करता येतं, हे प्रत्येक प्रकल्पाच्या नियमावलीत असंच शोधावं लागतं.